चोवीस लाखांची भाकरी

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ११
आजपासून रोज लिहायचं. धंदेवाल्या माणसाच्या डोक्यात विचार फार असतात, ते कागदावर उतरवले नाहीत तर वाया जातात. डायरी ट्रान्सपोर्टवाल्याने फुकट दिलेली आहे, कव्हरवर ट्रक आहे. कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

मी बाळाराम तरे, राहणार वळ, वय ४७. सध्या एका मोठ्या निर्णयाच्या आधीच्या काळात आहे. हा काळ जमीन विकल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं चालू आहे.

आज बातमी अशी. गावाबाहेरच्या गोदामाच्या कॅन्टीनला माझी बायको कमळ रोज चारशे तांदळाच्या भाकऱ्या देते. पडवीत चुली आहेत, हाताखाली चंद्रा, गोदू आणि पाड्यावरची मनिषा. कॅन्टीनचा मॅनेजर जीवन सकाळी येऊन सांगून गेला की कंपनीचा नवा नियम आलाय. १ एप्रिलपासून माल फक्त पक्क्या स्वयंपाकघरातला. फरशी, नळ, धूर बाहेर काढायची सोय आणि लायसन. नाहीतर ऑर्डर ठाण्याच्या पार्टीला.

कमळचा चेहरा उतरला. आमच्या मुलीची, मृणालीची, कॉलेजची फी त्या भाकरीवर आहे. खरं म्हणजे घरही त्याच भाकरीवर आहे, पण ते तात्पुरतं.

मी सांगितलं, हा विषय माझ्याकडे दे. सरकार लहान धंद्याला विनातारण कर्ज देतंय, वर सबसिडी. ती काही बोलली नाही. विश्वास असला की माणूस बोलत नाही.
उरले ८५ दिवस. भरपूर आहेत.

९ जानेवारी, गुरुवार
अंबाडी नाक्यावर प्रितेशकडे गेलो. माझा भाचा. झेरॉक्सचं दुकान आहे आणि आत एका टेबलावर प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतो.

कमळने निघताना हातात कागद दिला होता. ओटा, फरशी, नळ, दोन मोठ्या शेगड्या, धुरांडं, लायसन. एकूण एक लाख ऐंशी हजार. पाठीमागे किराणाची यादी. असा कागद बँकेत दाखवायचा?

प्रितेश म्हणाला की मामा, एक लाख ऐंशीला बँकवाला मान वर करून बघत नाही. आकडा असा पाहिजे की तो खुर्चीत सरळ बसला पाहिजे. हे मला मनापासून पटलं. दोघांनी मिळून आकडा वाढवला. ऑटोमॅटिक भाकरी मशीन, फ्रीजर व्हॅन, एसी ऑफिस, संगणक दोन. चोवीस लाख. ‘बी. टी. ग्लोबल फूड्स’ हे नाव चहा येईपर्यंत सुचलं.

बाईच्या नावावर सबसिडी जास्त मिळते म्हणून मालक कमळ. कागदोपत्री.

किराणाची यादी मात्र तिथेच राहिली. साखर आली नाही म्हणून घरी ऐकून घ्यावं लागलं.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी
कमळच्या अकरा सह्या घेतल्या. तिचे हात उकडीत होते. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात घालून गरम असतानाच मळावं लागतं, मध्ये हात काढला तर बिघडतं म्हणे. तरी काढायला लावला. दोन कागदांवर पिठाची बोटं उमटली आहेत.

कशाच्या सह्या विचारलं. म्हटलं, सरकारी काम आहे, तुला नाही कळायचं. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि उरलेल्या पाच सह्या केल्या.

अर्ज पोर्टलवर गेला. मोबाईल नंबर माझा दिलाय. तिच्या आधारलाही माझाच नंबर आहे. बँकवाले फोन करणार, इंग्रजीत विचारणार, तिला कशाला त्रास.

संकल्प: १) रोज सहाला उठणे. २) तंबाखू बंद. ३) बँकेशी बोलताना ‘टर्नओव्हर’ शब्द वापरणे.

२० जानेवारी, सोमवार
साडेनऊला उठलो. संकल्प १ पुढच्या महिन्यापासून.

ठाण्याला मशीनचा डेमो पाहून आलो. तासाला हजार भाकरी. एका बाजूने पीठ, दुसऱ्या बाजूने भाकरी, मध्ये माणूस नाही. बघून अंगावर काटा आला. सेल्समनने मला ‘सर’ म्हटलं, चार वेळा.

तीन भाकऱ्या नमुना म्हणून आणल्या. कमळने एक उचलली, उजेडात धरली, वाकवली. कडकन मोडली. तिने तिन्ही कोंबड्यांना टाकल्या. कोंबड्यांनी एक खाल्ली.

टेक्निकल मुद्दा आहे. तांदळाच्या पिठाला सेटिंग वेगळं लागेल.

२७ जानेवारी, सोमवार
पंधरा दिवस झाले, बँकेचा फोन नाही. स्वतः गेलो. दीड तास लाइनीत. माझ्या पुढचा लूमवाला भैया पन्नास हजारांसाठी आला होता, त्याला मी दोन सल्ले दिले.

लोन ऑफिसर म्हणजे सार्थक साहेब. वय असेल अठ्ठावीस. मुलगा साधा आहे, पण कामाचा. रिपोर्ट पाहिला. खुर्चीत सरळ बसला नाही. एसी ऑफिस कशाला, असं विचारलं. मी टर्नओव्हर हा शब्द वापरला. त्याने विचारलं, धंदा कोण चालवतं? म्हटलं मी. मग भाकऱ्या कोण करतं? म्हटलं, ते लेबरचं काम बाई बघतात.

तो म्हणाला, बाईंना घेऊन या.

४ फेब्रुवारी, मंगळवार
कमळला बँकेत नेलं. तिने लग्नातली पैठणी नेसावी असं मी सुचवलं होतं. ती भाकऱ्या टेम्पोत देऊन त्याच लुगड्यावर आली.

साहेबांनी तिलाच विचारायला सुरुवात केली. किलोला किती भाकऱ्या, लाकूड किती, किती मोडतात, पैसे कधी मिळतात, बायांना रोज काय देता. तिने पटापट सांगितलं. एका किलोला दहा, मोडल्या तर घरात खातो, आठवड्याला शनिवारी पैसे. साहेब लिहून घेत होते. मीही मधूनमधून मान हलवत होतो.

मग साहेब म्हणाले, आणि मशीन आल्यावर कसं करणार?

कमळने विचारलं, कंचा मशीन?

त्यानंतर साहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, मी जागेवर येऊन बघतो, मग ठरवू.

रिक्षात ती सगळा रस्ता बाहेर बघत बसली. माझ्या मते टीममध्ये संवाद वाढवायला हवा. तिने मात्र उतरताना विचारलं, किती मागितलंय? सांगितलं. ती तिथेच रस्त्यात उभी राहिली. रिक्षावाल्याला वाटलं पैसे विसरलो.

५६ दिवस. साहेब स्वतः येतोय म्हणजे काम झालं म्हणायचं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
स्थळपाहणी २० तारखेला. बँकेचा मेसेज आला, माझ्या फोनवर. तीन वेळा वाचला.

कमळ म्हणते, पडवी झाडून ठेवते, चहा देऊ. चहा. चोवीस लाख द्यायला माणूस येतोय आणि चहा. आपल्यात हळदीला व्याह्याचा ड्रायव्हर आला तरी त्याला कोंबडी घालतात. मी तिला म्हटलं, पाहुणचार माझ्यावर सोड. ती म्हणाली, “अवो, तो पाव्हना न्हाय. तो भाकरी बघाला येतंय.”

तिला बाजार कळत नाही. भाकरी कळते.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आज सुचलं ते डोक्यात आधी का आलं नाही कळत नाही.

बॅनर.

आपल्या वळच्या नाक्यावर काय नसतं? कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाच्या मुलाला दहावीत साठ टक्के. आणि आपण एवढं मोठं काम करणार ते गुपचूप? साहेब गाडीवरून उतरला की पहिल्यांदा त्याला स्वतःचा फोटो दिसला पाहिजे. माणूस विरघळतो. पंधरा बाय दहा.

फोटो साहेबांच्या व्हॉट्सॲपचा घेतला. कुठल्यातरी किल्ल्यावर गॉगल लावून उभे आहेत. मजकूर माझा: ‘गोरगरिबांचे आधारस्तंभ, युवा कार्यसम्राट मा. सार्थक साहेब यांनी बी. टी. ग्लोबल फूड्सला चोवीस लाख रुपये कर्ज मंजूर केल्याबद्दल जाहीर आभार. शुभेच्छुक: बाळाराम तरे व समस्त मित्रपरिवार.’

फ्लेक्सवाल्याने विचारलं, मंजूर झालं का? म्हटलं, २० तारखेला होतंय. खाली माझा फोटो, मोबाईलवर बोलताना. मित्रपरिवाराचे बारा गोल. कमळचा टाकायचा होता, जागा उरली नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ५
लिहायचं म्हणून लिहितो.

सकाळी दहाला साहेब मोटरसायकलवरून नाक्यावर आले. मी, ताशेवाले दोन, हार घेऊन गोदूचा नवरा. साहेबांनी हेल्मेट काढलं, वर बघितलं. बघतच राहिले. मला वाटलं भारावले.

मग त्यांनी हेल्मेट परत घातलं.

मी हार घेऊन पुढे गेलो. ते काचेच्या आतूनच बोलले, त्यामुळे सगळं ऐकू आलं नाही. एवढं कळलं की मी काही मंजूर केलेलं नाही, हे आत्ताच्या आत्ता उतरवा, माझी नोकरी घालवाल.  ताशेवाल्यांना वाटलं साहेब आले, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

गाडी वळवून गेले. पडवीपर्यंत आलेच नाहीत. तिथे कमळ, चंद्रा, गोदू आणि मनिषा स्वच्छ लुगडी नेसून, चूल पेटवून, पीठ तयार ठेवून उभ्या होत्या. गरम भाकरी करून दाखवणार होत्या. मी येऊन सांगितलं की साहेबांना अर्जंट मीटिंग आली.

कमळने चूल विझवली. पाणी मारून.

जेवण चाळीस माणसांचं होतं. मित्रपरिवार जेवला. सुरमई चांगली होती असं ऐकलं, मला घास गेला नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
बॅनर उतरवला. फाटला. फ्लेक्स मजबूत नव्हता, त्याबद्दल बोलणार आहे.

बँकेतून पत्र येणार असं कळलं. सार्थक साहेबांनी आमची फाइल सोडली, त्यांना वर खुलासा लिहून द्यावा लागला. फाइल मोठ्या ऑफिसला गेली. प्रितेश म्हणतो, मामा, वाईट काय त्यात, फाइल वर गेली. मलाही तसंच वाटतं. वरची माणसं वरचा विचार करतात.

सार्थक साहेबांना सॉरीचा मेसेज टाकला. त्यांनी व्हॉट्सॲपचा फोटो काढून टाकलाय.

३ मार्च, सोमवार
पोर्टलवर ‘प्रलंबित’. कालही तेच. सकाळ-दुपार बघतो.

कमळने आज जेवताना शांतपणे सांगितलं की तिने चंद्राशी बोलून ठरवलंय. चंद्रा त्यांच्या बचत गटाची अध्यक्ष आहे. गटामार्फत दुसऱ्या बँकेत एक लाख ऐंशीचा अर्ज टाकायचा. तिथल्या क्षितिजा मॅडम गटाच्या मीटिंगला येतात, त्यांना कमळची भाकरी माहीत आहे. काम सुरू झाल्याचे कागद दाखवले तर जीवन पंधरा दिवस थांबेल म्हणालाय.

एक लाख ऐंशी. हळदीत सहा-सातशे माणसं जास्त जेवली तर तेवढे उडतात. पण मी मोठ्या मनाने म्हटलं, कर. माझा मोठा प्रोजेक्ट चालू राहील, तुझा छोटा शेजारी. ती म्हणाली, तुमचा बी माझ्याच नावावर हाय.

६ मार्च, गुरुवार
मृणालीने कमळचा अर्ज लॅपटॉपवर भरला. शेवटचं बटण दाबलं. लाल अक्षरं. या आधार क्रमांकावर एक अर्ज आधीच प्रलंबित आहे.

पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

म्हणजे माझे चोवीस लाख जोपर्यंत तिथे आहेत तोपर्यंत तिचे एक लाख ऐंशी आत जात नाहीत. आधी तो मागे घ्यायचा. मागे घ्यायला ओटीपी. ओटीपी माझ्या फोनवर.

 मृणालीने लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे आईवर गेलेत. मी म्हटलं, विचार करून सांगतो.
२६ दिवस.

८ मार्च, शनिवार
फोनला नेटवर्क नव्हतं. (होतं.)

१० मार्च, सोमवार
वज्रेश्वरीला गेलो. विचार करायला शांतता लागते. कुंडात पाय सोडून बसलो, पाणी फार गरम होतं. शेजारच्या म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, अर्ज मागे घेतला तर चोवीस लाख बुडणार का? म्हटलं, हो. तो म्हणाला, मिळालेत का? म्हटलं, अजून नाही. तो पाय पुसून निघून गेला.

लोकांना हिशोब समजत नाही. मी मागे घेतला म्हणजे मी चुकलो असं होतं. अख्ख्या वळमध्ये बॅनर दिसला आहे. एक लाख ऐंशीवर आलो तर बोलतील, बाळारामच्या चोवीस लाखांचं काय झालं. अकरा वर्षांपूर्वी, जमीन विकली तेव्हा, माझ्या दारात चार गाड्या उभ्या असायच्या. त्या सगळ्या माझ्या नव्हत्या, पण उभ्या असायच्या.

१२ मार्च, बुधवार
कॅन्टीनमध्ये ठाण्याच्या पार्टीचा माणूस आला होता. प्लास्टिकमध्ये पॅक केलेल्या भाकऱ्या दाखवून गेला. जीवनने कमळला सांगितलं, ताई, मी तुमच्या बाजूने आहे, पण मलाही वर उत्तर द्यायचं असतं.

कमळने घरी येऊन ते सांगितलं नाही. मला गोदूच्या नवऱ्याकडून कळलं.

१३ मार्च, गुरुवार. होळी
दुपारी कमळ पुरण वाटत होती. मी उगाच आत गेलो. ती मान वर न करता म्हणाली, “मना एकच सांगा. ते चोवीस लाख आले तं भाकरी कोन थापनार?”

म्हटलं, मशीन.

ती पुरण वाटत राहिली. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर मला उत्तरं देता आली असती, तयार होती.

१७ मार्च, सोमवार
आज गटाची शेवटची तारीख. पाचच्या आत अर्ज गेला तर उद्या क्षितिजा मॅडम मीटिंगमध्ये घेतील. नाहीतर पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात ऑर्डर ठाण्याची.

सगळं मिनिटामिनिटाला लिहून ठेवतो, उद्या कुणी विचारलं तर पुरावा.

दु. ३.०५ मृणालीने विचारलं, पप्पा, पाठवू? मी म्हटलं पाठव. ओटीपी आला. सहा आकडे. दहा मिनिटं चालतो.

३.०७ मी मागच्या अंगणात आलोय. फोन हातात.

३.०९ मृणाली दारात. ‘पप्पा, आकडा.’ म्हटलं, एक फोन आलाय.

३.११ फोन आलेला नाही. प्रितेशला मीच लावला. तो म्हणतो, मामा, वर फाइल हलतेय असं ऐकलंय. कुणाकडून? म्हणे, असंच.

३.१५ संपला.

३.२० दुसरा आला. मृणालीने सांगितलं, तीनच वेळा चालतं, मग चोवीस तास बंद. आवाज चढवला नाही तिने. चढवायला हवा होता.

३.२४ मी नंबर पाठ केला. सांगायला तोंड उघडलं. मग म्हटलं, आधी कमळने स्पष्ट सांगावं की मोठा प्रोजेक्ट चुकीचा नव्हता, फक्त वेळ चुकली. कमळ पडवीत होती. तिने ऐकलं असेल. उद्याचे तांदूळ निवडत होती.

३.३० दुसराही संपला.

३.५० एकच उरला. मृणाली पाठवत नाही. म्हणते, तुम्ही सांगाल तेव्हाच.

४.०५ मनिषा आली. सकाळचं काम करून घरी गेली होती, पुन्हा पाड्यावरून चालत आली. दाराबाहेर उभी राहून कमळला विचारत होती. मला दिसत नव्हती, ऐकू येत होतं. “बाय, वीटभट्टीचा मुकादम उद्या येल. त्याला हो सांगू का नको?”

४.०६ कमळ बोलत नाही.

४.०७ अजून बोलत नाही. कमळला उत्तर सुचत नाही असं मी अठ्ठावीस वर्षांत पाहिलेलं नाही. बँकेत सुचलं, जीवनसमोर सुचलं, माझ्या आईसमोरसुद्धा सुचायचं. आणि तिला उत्तर देता येत नाही, कारण ते उत्तर माझ्या खिशात आहे.

मला लाज वाटली. इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. फार लाज वाटली.

४.०८ मृणाली, पाठव.

४.०९ आकडे मोठ्याने सांगितले. चार, शून्य, सात, सात, एक, नऊ. मनिषालाही ऐकू गेले असतील.

४.१० अर्ज मागे घेतला. चोवीस लाख गेले. स्क्रीनवर एक ओळ आली, बस्स. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल.

४.४० कमळचा अर्ज गेला. या वेळी अक्षरं हिरवी. तिच्या अर्जासाठी मोबाईल नंबर विचारला, तिने स्वतःचा दिला. सकाळीच आधार केंद्रावर जाऊन बदलायला टाकून आली होती म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं.

१८ मार्च, मंगळवार
काल जे झालं त्याला धंद्याच्या भाषेत ‘फेज वन’ म्हणतात. आधी लहान सुरुवात, मग विस्तार. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

मनिषाने मुकादमाला ‘नाही’ म्हणून सांगितलं.

२७ मार्च, गुरुवार
क्षितिजा मॅडम येऊन जागा बघून गेल्या. कमळने त्यांना चुलीजवळ पाटावर बसवलं आणि गरम भाकरी दिली, लसणाची चटणी. एवढंच. मी बाहेर अंगणात होतो. कुणी बोलावलं नाही, आणि खरं म्हणजे मला जायची भीती वाटत होती. मॅडमनी बॅनरबद्दल काही विचारलं का, हे कमळला विचारायचं होतं, विचारलं नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा
गटाने आपल्या पैशांतून आधी चाळीस हजार दिले. फरशी बसली. पांढरी. कमळ अनवाणी तिच्यावर चालून बघत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुन्हा परत.

२ एप्रिल, बुधवार
काल जीवनने फरशी बघितली, बँकेचं मंजुरीचं पत्र बघितलं. ऑर्डर १५ तारखेपर्यंत थांबवली. ठाण्याचा माणूस कॅन्टीनबाहेर उभा होता, त्याला चहा पाजून परत पाठवला.

भाकऱ्या पोचवणारा टेम्पोवाला गावी गेलाय. कमळने विचारलं, चार दिवस स्कूटरवर नेता का? म्हटलं, बघतो. डिस्ट्रिब्यूशन हा कुठल्याही कंपनीचा कणा असतो.

८ एप्रिल, मंगळवार
रोज पावणेसहाला उठतोय. संकल्प १ जवळपास पूर्ण. तंबाखू स्कूटर चालवताना खाता येत नाही म्हणून कमी झाली. चार दिवसांचे सहा झाले.

कॅन्टीनमधल्या हमालांनी मला ‘भाकरीवाले काका’ म्हणायला सुरुवात केलीय. मी एकदा सांगितलं की मी मालक आहे. ते म्हणाले, बरं काका, दोन जास्त ठेवा.

१६ एप्रिल, बुधवार. दुपारी १
कालपासून नवं स्वयंपाकघर सुरू झालं. ओटा, नळ, दोन शेगड्या, धुरांडं. लायसन भिंतीवर फ्रेममध्ये. ऑर्डर राहिली. जीवनने शंभर भाकऱ्या वाढवल्या.

आज क्षितिजा मॅडम पैसे नीट लागले का बघायला आल्या. फॉर्म भरत होत्या. मी रिकामे डबे घेऊन दारात पोचलो तेव्हा कामगार किती या रकान्यावर आल्या होत्या. कमळ म्हणाली, चार. मी मनात मोजले. चंद्रा, गोदू, मनिषा. चौथी कोण ते आठवेना.

मॅडमनी नावं विचारली. कमळने तीन सांगितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “नि बाळाराम तरे. रोजचे दोनशे. खाडा केला तं कापते.”

मी डबे खाली ठेवले. मॅडमनी विचारलं, आठवड्याला मिळतात का वेळेवर? माझ्या तोंडून निघालं, हो, शनिवारी. खरंच मिळाले होते, दोन्ही शनिवारी. मी त्याला घरखर्च समजत होतो.

मॅडमनी फॉर्म पुढे केला आणि बोट ठेवून दाखवलं, इथे. मी सही केली. वर छापलं होतं, कामगाराची सही.

सही चांगली आली. उद्यापासून पाचशे भाकऱ्या आहेत, दोन फेऱ्या होतील, म्हणून आता थोडा झोपतो.